भट्टीपुढं पाणी ठेवा, कळ अंगावर काढू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुतखडा पेपरात दिसतो तो बहुतेक जाहिरातीत, बिनाऑपरेशन खडा पाडून देणाऱ्यांच्या. मला लिहायचं आहे ते त्या कळेबद्दल आणि ती मुकाट सोसणाऱ्या माणसांबद्दल. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, मोल्डर आहे, साचे करतो. उन्हाळा लागला की आमच्या शॉपमध्ये कुणाला ना कुणाला ही कळ येतेच. गडी कोपऱ्यात जाऊन वाकतो, मेडिकलमधून आणलेली गोळी गिळतो आणि पुन्हा साच्यावर येतो. विचारलं तर म्हणतो, "काय न्हाई, वारा धरलाय."

मला ती आली सेकंड शिफ्टला. बरगडीच्या खाली, मागच्या बाजूला काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि बघता बघता ते ओटीपोटात, तिथून जांघेत उतरलं. बसवेना, उभं राहवेना, आडवंही होववेना. भिंतीला हात लावून येरझाऱ्या घातल्या, उलटी झाली, अंग घामानं थबथबलं. अपेंडिक्सचा रुग्ण हलायला भितो, निपचित पडून राहतो. खड्याचा रुग्ण एका जागी टिकत नाही, ही ओळखण्याची एक खूण आहे असं नंतर कळलं. माझ्या थोरल्या वहिनीनं बाळंतपणही सोसलंय आणि खडाही. ती म्हणाली, "भावजी, बाळंतपणाच्या कळा कधीतरी थांबणार हे ठाऊक असतंय. ह्येचा शेवट कुठं हाय तेच कळत न्हाई."

माझी मुलगी नर्सिंग शिकते. तिनं मला चित्र काढून समजावलं. मूत्रपिंडातून मूत्राशयाकडं जाणारी नळी साधारण २५ ते ३० सेंटिमीटर लांब आणि आतून काही मिलिमीटरच रुंद असते. तीन ठिकाणी ती आणखी अरुंद होते आणि खडा बहुधा तिथंच अडतो. आमच्या धंद्यातलं सांगायचं तर साच्याला वारा जायला भोकं ठेवली नाहीत की ओततेवेळी आत वायू कोंडतो आणि साचा फुटतो, तसंच हे. खडा टोचण्यापेक्षा त्याच्या मागं तुंबलेली लघवी मूत्रपिंडाला ताणते, नळी आकसत राहते, आणि त्याचं दुखणं माणसाला लोळवतं. म्हणजे पाच मिलिमीटरसुद्धा नसलेल्या खड्यापायी धट्टाकट्टा माणूस ओरडत असेल तर तो नाटक करत नाही. हे मुकादमांनी, सुपरवायझरांनी आणि घरच्यांनीही ध्यानात घ्यावं.

मला आधी ज्या दवाखान्यात नेलं तिथं सोनोग्राफीचा रिपोर्ट येईपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. मी बाकाची कड धरून बसलो होतो आणि येणारे-जाणारे बघत होते. दुसरीकडं नेल्यावर डॉक्टरांनी चार प्रश्न विचारले, पोट दाबून बघितलं आणि आधी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन दिलं. थोड्या वेळात मी माणसात आलो. तपासणी मग झाली. हाच क्रम बरोबर आहे. कळ घेऊन आलेल्या रुग्णाची कळ आधी थांबवायची, असंच मूत्ररोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही आहे. हे इंजेक्शन नुसतं दुखणं दडपत नाही, मूत्रपिंडातला दाबही उतरवतं. मात्र ज्यांची मूत्रपिंडं आधीच कमजोर आहेत, ज्यांना अल्सर आहे, ज्या बाया गरोदर आहेत, त्यांना ते चालत नाही. म्हणून मेडिकलमधून आपल्या मनानं गोळ्या घेऊन दिवस ढकलू नये.

पाच मिलिमीटरपर्यंतचे बहुतेक खडे आपोआप पडतात. कुणाचा दोन दिवसांत, कुणाचा काही आठवड्यांनी. तोवर कळ येते, जाते, पुन्हा येते. खालच्या टोकाला अडलेल्या थोड्या मोठ्या खड्याला डॉक्टर नळी सैल करणारी गोळी देतात. दहाच्या वरचा खडा क्वचितच आपला आपण पडतो. घरी असताना मला गरम पाण्याच्या पिशवीनं खूप आराम मिळाला, कमरेला मागून लावून. चालण्यानंही बरं वाटायचं. लघवी गाळून बघावी. त्यासाठी एक गाळणी वेगळी ठेवावी आणि खडा सापडला तर तपासायला द्यावा, कारण तो कशाचा आहे यावर पुढचं पथ्य ठरतं.

उपाय सांगणारे गल्लोगल्ली भेटतात. बिअर पी, म्हणजे खडा वाहून जाईल, असं शॉपमध्ये हमखास सांगतात. बिअरनं लघवी जास्त होते, पण नंतर अंग कोरडं पडतं, आणि युरिक ॲसिडचा खडा असेल तर ती आणखी वाईट. कळ चालू असताना तांब्यावर तांब्या पाणी रिचवूनही खडा ढकलला जात नाही. वाट बंद असते, उलटीच होते. घोट घोट प्यावं. हुलग्याचं माडगं आमच्या घरी होतंच, मला ते आवडतं, पोटात पातळ जातं ते चांगलंच. पण माडग्यावर भरवसा ठेवून तापात पडून राहू नये. दूध-दही बंद करायला सांगतात तेही चूक आहे. जेवणातला कॅल्शियम खडा करणाऱ्या ऑक्सॅलेट नावाच्या क्षाराला आतड्यातच धरून ठेवतो. कमी करायचं ते मीठ, आणि ऑक्सॅलेटचा खडा असेल तर पालक.

एवढं मात्र कापून भिंतीला लावावं: खड्याच्या दुखण्यात थंडी वाजून ताप आला, लघवी बंद झाली, उलट्या थांबेनात, किंवा मूत्रपिंड एकच असेल, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याच रात्री मोठा दवाखाना. अडलेल्या लघवीत जंतू वाढले की जिवावर बेततं.

आता मूळ दुखण्याकडं येतो. वितळलेलं लोखंड तेराशे-चौदाशे अंशांवर असतं आणि आम्ही त्याच्यापुढं उभे राहतो. अंगातलं पाणी घामानं जातं, लघवी थोडी आणि गडद होते, त्यात क्षार बसतात. खडा टाळायचा तर दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी झाली पाहिजे. म्हणजे भट्टीपुढच्या माणसानं त्याहून कितीतरी जास्त पाणी प्यायला हवं. पण कूलर असतो ऑफिसच्या बाजूला, आणि ओतकाम चालू असताना जागा सोडली तर बोलणी बसतात. मग पोरं तहान मारतात, लघवीही दाबून धरतात. ज्यांना एकदा खडा झाला त्यांच्यातल्या जवळपास निम्म्यांना दहा वर्षांत पुन्हा होतो, आणि तरी ती पुन्हा त्याच जागी उभी राहतात.

पिण्याचं पाणी सोयीच्या जागी, बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी लावून ठेवायचं, ही तरतूद १९४८ च्या कारखाने कायद्याच्या १८ व्या कलमात लिहिली गेली. अडीचशेच्या वर कामगार असतील तर उन्हाळ्यात थंड पाणी, असंही त्यात होतं. आमच्याकडं मराठी, कानडी आणि बाहेरून आलेली हिंदी बोलणारी पोरं आहेत. तीन पाट्या लावायला कितीसा खर्च? ईएसआयच्या, म्हणजे कामगार विम्याच्या, आजारपणाच्या भत्त्यात पहिले दोन दिवस धरत नाहीत, आणि खड्याची कळ बहुतेकदा त्या दोन दिवसांतच संपते. म्हणून तर गडी गोळी गिळून हजेरी लावतो.

सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राच्या आरोग्य योजनेचा लाभ द्यायचं २०२३ मध्ये जाहीर झालं, त्यावर दोन्ही बाजूंनी भरपूर बोलणं झालं. ऑपरेशनचा खर्च मोठा आहे, तो विषय महत्त्वाचाच. पण मी मागतोय ते कुठल्याही सरकारची वाट न बघता होण्यासारखं आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या कारखानदारांनी ओतकामाच्या जागेपासून हाकेच्या अंतरावर माठ किंवा कूलर ठेवावा, दर तासाला पाणी प्यायला आणि लघवीला सोडावं, आणि कळ आलेल्या माणसाला हजेरी न कापता गाडीत घालून दवाखान्यात पाठवावं. आणि दवाखान्यांनी त्याला बाकावर बसवण्याआधी इंजेक्शन द्यावं.

आपला,
एक मोल्डर, मजगाव, बेळगाव
(नाव-पत्ता संपादकांकडे दिला आहे)