‘अंतर्गत बाब’ नावाची ढाल

महोदय,

दरवर्षी २१ मार्चला, वांशिक भेदभाव निर्मूलनाच्या आंतरराष्ट्रीय दिनी, जगभरची सरकारे वंशद्वेषाचा निषेध करणारी निवेदने काढतात. १९६० साली याच दिवशी दक्षिण आफ्रिकेतील शार्पव्हिल येथे सतत ओळखपत्र जवळ बाळगायला लावणाऱ्या ‘पास’ कायद्यांविरुद्ध जमलेल्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात ६९ जण मारले गेले, याची आठवणही त्यांत असते. निवेदन काढणाऱ्या सरकारने स्वतःविरुद्ध तक्रार करण्याची मुभा आपल्या हद्दीतील माणसाला दिली आहे का, हे मात्र त्यांत कधी नसते. माझ्या मते गाडे तिथेच अडले आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर १९६५ मध्ये संमत केलेला आणि जानेवारी १९६९ पासून अमलात आलेला वांशिक भेदभाव निर्मूलनाचा करार आज १८० हून अधिक देशांनी स्वीकारला आहे. त्याच्या अनुच्छेद १४ नुसार, देशांतर्गत न्यायाचे मार्ग संपलेल्या व्यक्तीला १८ तज्ज्ञांच्या समितीकडे थेट दाद मागता येते. मात्र तिच्या देशाने तशी स्वतंत्र घोषणा केली असेल तरच. ही घोषणा जेमतेम एक तृतीयांश देशांनी केली आहे. अमेरिका, ब्रिटन, चीन, जपान त्यांत नाहीत आणि भारतही नाही.

या वाटेने जाऊन काय हाती लागते, असे कोणी विचारील. ऑस्ट्रेलियातील टूवुम्बा शहरात एका क्रीडांगणाच्या प्रेक्षागाराला जुन्या खेळाडूचे नाव दिलेले होते आणि त्या नावात, त्याचे टोपणनाव म्हणून, कृष्णवर्णीयांना हिणवणारा शब्द ठळक अक्षरांत मिरवत होता. तो काढावा म्हणून एका आदिवासी नागरिकाने न्यायालयांचे दरवाजे ठोठावले. तिथे दाद न मिळाल्याने तो समितीकडे गेला. एखादा शब्द पूर्वी कोणाला खटकत नसेल, पण आज तो अपमानास्पद ठरू शकतो, असे सांगून समितीने २००३ मध्ये तो काढण्याची शिफारस केली. सरकारने ती मानली नाही, कारण समितीचे मत बंधनकारक नसते. ते प्रेक्षागार २००८ साली पाडले गेले तेव्हा कुठे तो शब्द गेला. विजय म्हणावा तर अपुराच. तरीही एका सामान्य माणसाच्या तक्रारीवर एका सरकारला जगापुढे लेखी उत्तर द्यावे लागले, ही गोष्ट शंभर निवेदनांनी साधली नसती.

‘ही आमची अंतर्गत बाब आहे’ हा युक्तिवाद तसा जुनाच. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या वागणुकीचा प्रश्न भारताने १९४६ साली आमसभेत नेला, तेव्हा त्या देशाने हीच ढाल पुढे केली होती. विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखालील शिष्टमंडळाने ती मानली नाही आणि दोन तृतीयांश बहुमत मिळवले. त्याच भारताने २००१ साली डर्बन येथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या वंशद्वेषविरोधी परिषदेत जातीचा विषय निघताच तो अंतर्गत असल्याचे सांगितले. गंमत म्हणजे करारातील भेदभावाच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्या जोडीला ‘कूळ’ हा शब्द भारताच्याच सूचनेवरून आला आहे. त्यात जातही येते, असे समितीने २००२ मध्ये स्पष्ट केले. आपल्या सरकारला ते अद्याप मान्य नाही. जात म्हणजे वंश नव्हे, हे मलाही पटते, पण करारातला शब्द ‘वंश’ एवढाच नाही.

यात आपण एकटे नाही. अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या हातून मृत्यू झाल्यानंतर, जून २०२० मध्ये, आफ्रिकी देशांनी संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार परिषदेत अमेरिकेसाठी चौकशी आयोग मागितला होता. अंतिम ठरावात उरला तो केवळ एक सर्वसाधारण अहवाल.

म्हणून दोन सूचना कराव्याशा वाटतात. भारताने अनुच्छेद १४ खालील घोषणा करावी. त्यासाठी नवा करार लागत नाही, संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांकडे एक निवेदन दाखल केले की पुरते. आणि आपल्यासारख्या वृत्तपत्रांनी २१ मार्चच्या संदेशांना जेवढी जागा द्यावी, तेवढीच समितीपुढे होणाऱ्या देशोदेशींच्या सुनावण्यांनाही द्यावी. तिथे सरकारांना कोणते प्रश्न विचारले गेले आणि त्यांनी कोणते टाळले, हे वाचकांना मराठीत क्वचितच वाचायला मिळते.

आपला,
एक वाचक