आउटबोर्ड मोटरची न तपासता केलेली दुरुस्ती आणि नाकारलेली वॉरंटी याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : २५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरची, सेल्फ स्टार्ट मोटर. पल्सर कॉइल (ठिणगीची वेळ कळवणारी कॉइल) व रेग्युलेटर-रेक्टिफायर (एसीचे डीसी करून बॅटरी चार्ज करणारा भाग) वॉरंटीत बदलून मिळणे आणि सीडीआय युनिटचे (ठिणगी सोडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक भागाचे) पैसे परत मिळणे.

महोदय,

वरील आउटबोर्ड मोटर (बोटीच्या मागे बाहेरून बसवायचे इंजिन) आमच्या संस्थेने आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून घेतली आहे. ती गोसीखुर्दच्या जलाशयात मासेमारीच्या बोटीवर चालते आणि अजून वॉरंटीत आहे. सकाळी तिला काही त्रास नसतो. उन्ह चढले आणि मोटर अर्धा-पाऊण तास फुल थ्रॉटलवर चालली, की दोन्ही सिलिंडर एकाच वेळी बंद पडतात. थंड झाली की पुन्हा चालू होते. सेवा केंद्राने सीडीआय युनिट बदलून बिल घेतले, दोष जागचा हलला नाही, आणि त्यानंतर वॉरंटीचा दावा ‘खाऱ्या पाण्याने वायरिंग गंजले’ असा शेरा मारून नाकारला.

आधी या शेऱ्याबद्दल. गोसीखुर्द हे वैनगंगेवरचे धरण आहे. पाणी गोडे आहे आणि समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर आहे. खारे पाणी कपलरमध्ये (वायरींच्या जोडात) शिरून सुकले तर पिनांवर पांढरा थर राहतो. आमच्या मोटरचे सगळे कपलर उघडून पाहिले, पिना स्वच्छ आहेत. हिरवट झालेले थिंबल (केबलच्या टोकाची धातूची कडी) एकच आहे, बॅटरीच्या निगेटिव्ह केबलचे, इंजिनाच्या बाजूचे. ते बसवताना ब्लॉकवरचा रंग खरवडलेला नव्हता, त्यामुळे धातूला धातू टेकलाच नाही. सांध्यात ओल राहिली आणि तांबे हिरवे पडले. ही जोडणी विक्रेत्याच्या फिटरने केली आहे.

त्याच सांध्यामुळे सेल्फ संथ फिरत होता आणि केंद्राने नवी बॅटरी घ्यायला सांगितले. बॅटरीत दोष नव्हता. विश्रांतीत ती १२.६ व्होल्ट दाखवते. सेल्फ फिरत असताना मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर आणि दुसरी इंजिनाच्या ब्लॉकवर धरली तेव्हा १.४ व्होल्ट आले. तिथे पाव व्होल्टच्या वर जायला नको. रंग खरवडून, थिंबल पॉलिशपेपरने घासून, स्प्रिंग वायसर टाकून आवळल्यावर आकडा ०.१ वर आला आणि जुन्याच बॅटरीवर सेल्फ जोरात फिरू लागला. एवढी तपासणी पाच मिनिटांची आहे. ती न करता गरीब मच्छीमाराला बॅटरीच्या खर्चात घालणे आम्हाला मान्य नाही.

आता मूळ दोष. दोन्ही प्लगची ठिणगी एकदम जाते, म्हणजे एका सिलिंडरच्या इग्निशन कॉइलवर संशय घ्यायचे कारण नाही. दोन्हींना सामाईक असलेल्या चार गोष्टी उरतात : स्टॉप सर्किट (मोटर बंद करण्याची वायरिंग), चार्ज कॉइल (सीडीआयला वीज पुरवणारी), पल्सर कॉइल आणि सीडीआय. मोटर बंद पडल्याबरोबर, ती गरम असतानाच, स्पार्क टेस्टर लावून दोरी ओढली. ठिणगी नाही. स्टॉप स्विचची वायर कपलरमधून सोडवली, तरी ठिणगी नाही, म्हणजे किल स्विच आणि चावीचा स्विच निर्दोष. चार्ज कॉइलचा रोध पुस्तिकेतल्या मर्यादेत आला. पल्सर कॉइलच्या दोन वायरींवर मात्र मीटरने काहीच दाखवले नाही, सर्किट पूर्ण तुटलेले. मोटर निवल्यावर त्याच कॉइलने ३२० ओहम दाखवले. तांब्याचा रोध दर दहा अंशांना साधारण चार टक्के वाढतो. थंड मोटरपेक्षा कॉइल पन्नास-साठ अंशांनी तापली तरी आकडा चारशेच्या आसपास थांबायला हवा. आतली बारीक तार कुठेतरी तुटलेली आहे, थंड असताना टोके टेकतात आणि तापून पसरली की सुटतात.

आपल्या केंद्रात मोटर पिंपात लावून दहा मिनिटे चालवली आणि कॉइल थंड असताना मोजली. अशा तपासणीत हा दोष कधीच सापडणार नाही. पुस्तिकेतले रोधाचे आकडे २० अंश सेल्सियसचे असतात, आणि इथे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ च्या घरात जातो. शिवाय पल्सर आणि चार्ज कॉइल नीट पारखायला पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो, कारण साधा मीटर त्या क्षणिक झटक्यांचा खरा आकडा पकडत नाही. अधिकृत केंद्रात ते साधन असायलाच हवे. नवे सीडीआय बसवल्यावरही मोटर तशीच बंद पडते, यावरून जुने सीडीआय खराब नव्हते हे उघड आहे. ते जुने युनिटही आम्हाला परत दिलेले नाही.

जलपर्णीने थंड करणाऱ्या पाण्याची वाट अडून इंजिन तापले असेल, असेही तोंडी सांगण्यात आले. जलपर्णी इथे आहेच, पण मोटर बंद पडेपर्यंत पाण्याची धार जोरात असते आणि ओव्हरहीटचा बजर वाजत नाही.

तिसरी गोष्ट सर्वांत गंभीर आहे. चार्जिंग ‘बघण्यासाठी’ केंद्रातल्या मेकॅनिकने मोटर चालू असताना बॅटरीची केबल काढली. आपल्याच पुस्तिकेत याला सक्त मनाई आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेज एकदम उसळते आणि रेक्टिफायरचे डायोड जळतात. आमच्याकडे तेच घडले. त्याआधी मध्यम वेगावर १४.२ व्होल्ट यायचे. आता मोटर कितीही पळवली तरी बॅटरीवर १२.४ च राहतात. लायटिंग कॉइलचा (बॅटरी चार्जिंगसाठी वीज देणाऱ्या कॉइलचा) एसी व्होल्टेज थ्रॉटलबरोबर वाढतो, म्हणजे कॉइल ठीक आहे. डायोड टेस्टमध्ये रेक्टिफायर दोन्ही बाजूंनी शून्य दाखवतो. एका बाजूने साधारण अर्धा व्होल्ट आणि उलट बाजूने काहीच नाही, असे यायला हवे होते.

जलाशयात बुडालेल्या झाडांचे बुंधे आहेत. पावसाळी वाऱ्यात लाटा उठतात तेव्हा मधोमध मोटर बंद पडली तर बोट त्या बुंध्यांवर जाते. बोटीत माणसे असतात. म्हणून पुढील गोष्टी पावसाळ्यापूर्वी व्हाव्यात : पल्सर कॉइल आणि रेग्युलेटर-रेक्टिफायर वॉरंटीत विनामूल्य बदलावे. सीडीआयची रक्कम मजुरीसह परत करावी. दाव्यावरचा खाऱ्या पाण्याचा शेरा लेखी रद्द करावा. दुरुस्तीनंतर आपला मेकॅनिक इथे येऊन, भर दुपारी, बोटीवर भार ठेवून तासभर मोटर चालवून दाखवेल आणि गरम असतानाचे आकडे जॉबकार्डवर लिहील. वायरिंगचा नकाशा व तपासणीचे आकडे मराठीत मिळाले तर इथल्या प्रत्येक बोटवाल्याच्या कामी येतील.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे. न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार भंडारा येथील जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागू.

आपले,
अध्यक्ष व सचिव,
मच्छीमार सहकारी संस्था,
ता. पवनी, जि. भंडारा

सोबत : खरेदीचे बिल, वॉरंटी कार्ड, सीडीआयचे बिल, जॉबकार्डची प्रत, गरम व थंड मोजमापांचे फोटो.