'बघतो'ला तारीख जोडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी कचेरीच्या खिडकीशी थोडा वेळ उभं राहिलं की काही ठरलेली वाक्यं कानावर येतातच. 'बघतो.' 'फाइल वर गेलीय.' 'साहेब दौऱ्यावर आहेत.' 'तुमचं काम झालंच म्हणून समजा.' मला या वाक्यांची मनापासून चीड येते. काम कोण करणार आणि कधी करणार, हे त्यातलं एकही वाक्य सांगत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंचे यजमान वारले. सातबाऱ्यावर वारस नोंद व्हायची होती. तलाठी कार्यालयात दर वेळी एकच उत्तर, 'फाइल वर गेलीय.' शेवटी मी त्यांच्याबरोबर मंडळ अधिकाऱ्यांकडे गेले, तर तिथे काही पोचलंच नव्हतं. वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडायचं राहिलं होतं आणि अर्ज खालीच पडून होता. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर काकूंचे हेलपाटे आणि बुडालेला रोज वाचला असता. 'वर गेलीय' याचा अर्थ इतकाच होता की तुमचा कागद मी अजून उघडून पाहिलेला नाही.

साहेब खरोखरच दौऱ्यावर असतात. पंचनामे असतात, निवडणुकीची कामं असतात, सर्व्हरही बंद पडतो. पण खरं कारण असेल तर पुढचं वाक्य यायला हवं: मंगळवारी दुपारी या, किंवा अर्ज ठेवून जा, ही घ्या पोच. ते येत नाही, तेव्हा समोरच्याला फक्त वाटेला लावायचं असतं.

सगळ्यात वाईट 'बघतो'. उसने पैसे मागणाऱ्या मित्राला आपण 'बघू' म्हटलं तर तो काय ते समजतो. कचेरीत आलेल्या म्हाताऱ्या बाईला मात्र तो दिलेला शब्द वाटतो. ती त्याच्या भरवशावर पुढच्या सोमवारी पुन्हा एसटीत बसते. तोंडावर नाही म्हणणं परवडलं.

कायदा यावर गप्प नाही. लोक ज्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात, तो 2005 चा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल साधारणपणे कामकाजाच्या 7 दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे अधिसूचित, म्हणजे सरकारने या कायद्याखाली जाहीर केलेल्या, सेवेसाठी अर्ज केला की पोच मिळाली पाहिजे आणि तीत अर्जाचा क्रमांक व मुदत हवी. मुदत टळली तर 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. म्हणून 'बघतो' ऐकलं की भांडू नये, पोच मागावी.

कर्मचाऱ्यांवर भार आहे हे मी जाणते. एकेका तलाठ्याकडे दोन-दोन सजे, म्हणजे तलाठ्याची कार्यक्षेत्रं, असतात. मग तसंच सांगा: 'माझ्याकडे दोन सजे आहेत, पंधरवडा लागेल.' लोक थांबतात हो.

आपल्याला विनंती आहे. तालुक्याच्या पानावर आठवड्यातून एकदा छोटी चौकट छापा: कोणत्या दाखल्याला किती दिवसांची मुदत, आणि अपील कुणाकडे करायचं. काकूंसारख्या बायका ते कात्रण पिशवीत ठेवून खिडकीवर दाखवू शकतील.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
वाई, जि. सातारा