रुग्णाला विचारल्याशिवाय तपासणी कसली?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

सरकारी आरोग्य योजनांत उपचारांचे पैसे मिळवण्यासाठी रुग्णालये करतात त्या बनावट दाव्यांविषयी आपल्या कालच्या अंकात आलेली बातमी दोनदा वाचली. संगणकीय छाननी कडक झाल्यामुळे गैरप्रकारांना आळा बसतो आहे, असा तिचा एकूण सूर होता. तो मला मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्या घरात घडलेले आहे.

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी माझ्या थोरल्या वहिनी न्हाणीघरात घसरल्या आणि मांडीचे हाड मोडले. केशरी शिधापत्रिका असल्याने महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतील एका खासगी रुग्णालयात त्यांना दाखल केले. वहिनींकडे फोन नाही, म्हणून योजनेच्या टेबलावर मी माझा क्रमांक सांगितला. पूर्वपरवानगी दुसऱ्या दिवशी आली. शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळी मात्र भावाला बाजूला घेऊन सांगण्यात आले की योजनेतला रॉड साधा असतो, चांगला हवा असेल तर बावीस हजार वरचे भरावे लागतील. या योजनेच्या पॅकेजमध्ये शस्त्रक्रिया, औषधे, हाडात बसवायचे साहित्य, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एसटीचे भाडेसुद्धा धरलेले असते, हे मला माहीत होते. पण बायको आत कण्हत असताना भावाने ते ऐकून घेतले नाही. त्याने दावणीची कालवड विकली आणि पैसे रोख भरले. पावती म्हणून मिळाला पॅडचा एक फाटका कागद, ज्यावर ‘२२’ असा आकडा आणि त्याखाली बरोबरची खूण एवढेच होते.

घरी सोडण्याच्या दिवशी वहिनींपुढे सात कागद ठेवले गेले. मी पतसंस्थेत एकतीस वर्षे लेखापाल होतो आणि कोणाच्याही हातावर रक्कम मोजून दिल्याशिवाय मी कधी व्हाउचरवर सही घेतली नाही, त्यामुळे सवयीने सगळे कागद वाचले. एकावर परतीचे भाडे मिळाल्याचे लिहिले होते, जे मिळाले नव्हते; दुसऱ्यावर उपचारासाठी आपल्याला कोणताही खर्च करावा लागला नाही, असे आधीच छापलेले होते. मी हरकत घेतली, तेव्हा सह्या झाल्याशिवाय सुट्टी होणार नाही असे उत्तर मिळाले. बाहेर भाड्याची जीप उभी होती आणि वहिनींना बसवत नव्हते. त्यांनी सह्या केल्या.

मी लेखी तक्रार केली. चार महिन्यांनी उत्तर आले की, रुग्णालयाचा खुलासा घेतला असून खर्च न आल्याचे रुग्णाने स्वतः लिहून दिले आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. सोबत प्रकरणाच्या कागदांची प्रत होती. त्यात वहिनींच्या नावापुढे जो मोबाइल क्रमांक होता तो माझा नव्हता. मी तो लावून पाहिला. रुग्णालयाच्याच योजना कक्षातून फोन उचलला गेला.

हा क्रमांक पाहिला आणि मला ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडलेला ‘कॅग’चा, म्हणजे सरकारी खर्चाची तपासणी करणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल आठवला. केंद्राच्या आयुष्मान भारत या अशाच आरोग्य योजनेतील ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाला जोडलेले आहेत आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ आहे, हे त्या अहवालाने दाखवले होते. त्याच अहवालात मृत म्हणून नोंद असलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावे ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेल्याचेही म्हटले होते. त्यावर केंद्र सरकारचा खुलासा असा होता की, लाभार्थ्याची ओळख आधारवरून पटवली जाते, मोबाइल क्रमांक केवळ गरज पडल्यास संपर्क साधण्यासाठी आणि उपचाराबद्दलचा अभिप्राय घेण्यासाठी असतो. हे ‘केवळ’ मला आजही खटकते. रुग्णालयाने काय केले हे रुग्णालयाव्यतिरिक्त एकच माणूस सांगू शकतो, तो म्हणजे खाटेवरचा रुग्ण, आणि त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटच खोटी असेल तर तपासणी फक्त रुग्णालयाने पाठवलेल्या कागदांची होते.

कारवाई होतच नाही, असे मी म्हणणार नाही. देशभरात १,११४ रुग्णालये आयुष्मान भारत योजनेतून काढली आणि १,५०४ रुग्णालयांना १२२ कोटी रुपयांचा दंड केला, असे सरकारने २०२५ मध्ये संसदेत सांगितले आहे आणि ते काम लहान नाही. एकच क्ष-किरण चित्र दोन दाव्यांना जोडले किंवा एकच रुग्ण एकाच दिवशी दोन रुग्णालयांत दाखवला, तर यंत्रणा ते पकडू शकते. पण आमच्या दाव्यात खोटे असे काहीच नव्हते. हाड खरोखर मोडले होते, रॉड खरोखर बसवला होता, दाव्याला जोडलेल्या फोटोतल्या बाईही आमच्या वहिनीच होत्या. बावीस हजार रुपये कोणत्याही फोटोत दिसत नाहीत. नियमांत अशी रक्कम रुग्णाला परत करण्याची तरतूद आहे, पण ती घेतली गेली हे विचारणारेच कोणी नसेल तर तरतुदीचा उपयोग काय?

माझी मागणी फार खर्चाची नाही. दाखल करतानाच नातेवाइकाच्या हातातल्या फोनवर ओटीपी पाठवून क्रमांक पक्का करावा, आणि रुग्ण घरी गेल्यावर आठवडाभरात ही योजना चालवणाऱ्या राज्य आरोग्य हमी सोसायटीने स्वतः फोन करून, तुमच्याकडून किती पैसे घेतले, एवढे साध्या मराठीत विचारावे. ज्यांच्याकडे फोनच नाही त्यांच्या घरी गावातली आशाताई जाऊ शकेल. ते उत्तर आल्याशिवाय दाव्याचा शेवटचा हप्ता सुटू नये. यामुळे देयके आणखी रखडतील, अशी ओरड होईल. प्रामाणिक रुग्णालयांचे पैसे वेळेवर मिळालेच पाहिजेत, पण देयके रखडतात ती तीन मिनिटांच्या फोनमुळे नक्कीच नाही.

आता थोडे आपल्याविषयी. बातमीत दोषी रुग्णालयांची संख्या होती, नाव एकाचेही नव्हते. ज्याच्यावर कारवाई झाली त्याच दारात उद्या माझ्यासारखा कोणी आपला माणूस घेऊन उभा राहील, त्याला हे कळायला नको का? सरकारी आदेश निघाला असेल तर त्यातली नावे छापायला हरकत काय, हे मला खरोखर समजलेले नाही.

‘२२’ लिहिलेला तो कागद, तक्रारीचे उत्तर आणि मोबाइल क्रमांक असलेल्या पानाची प्रत या पत्राला जोडली आहे. रुग्णालयाचे नाव छापण्यासाठी नाही, तर आपल्या वार्ताहराने खात्री करून घ्यावी म्हणून. मूळ कागद माझ्याकडे आहेत; कोणीही घरी येऊन पाहू शकतो.

आपला,
एक निवृत्त लेखापाल, जि. सोलापूर