बेसमेंटमध्ये गाडी चालू ठेवून बॅटरी चार्ज करण्यावरील बंदीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
आपली गृहरचना संस्था, वाकड, पुणे

विषय : लाइट गेल्यावर गाडीवरून बॅटरी चार्ज करण्यास केलेली मनाई आणि जनरेटरवर चार्जिंग पॉइंट मिळण्याबाबत

स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात नोटीस बोर्डावर सूचना लागली : ‘सोसायटीच्या आवारात गाडी चालू ठेवून कोणतीही बॅटरी चार्ज करू नये, अन्यथा १,००० रुपये दंड.’ ही सूचना माझ्यामुळे लागली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून आधी त्या रात्रीचं सांगते.

माझे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, फुप्फुसाच्या आजारामुळे रात्री ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून देणाऱ्या मशीनवर, झोपतात. मशीन ३५० वॅटचं आहे. त्या रात्री पाऊस सुरू झाला आणि ११:४० ला लाइट गेली. अशा वेळेसाठी आम्ही १,००० वॅट-अवरचं (म्हणजे एक युनिट वीज साठवणारं) पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी मोठी बॅटरी, घेऊन ठेवलं आहे. त्यावर मशीन दोनपर्यंत चाललं. मग अण्णांना ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, पण तो अर्ध्याच्याही खाली आलेला. मोठा सिलिंडर रिफिलला दिलेला होता, ती चूक आमचीच. मिस्टर बाहेरगावी होते. सासूबाईंना अण्णांजवळ बसवलं, पॉवर स्टेशन उचललं आणि लिफ्टने बेसमेंटमध्ये गेले. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटला केबल लावली आणि इंजिन सुरू केलं.

तासाभराने वॉचमन काका रॅम्पवरून धावत आले. म्हणाले, “ताई, गाडी बंद करा, खाली डोकं धरायला लागलंय माझं.” माझंही डोकं जड झालं होतं, पण ते जागरणामुळे असेल असं मी धरून चालले होते.

त्यांनी गाडी बंद करायला लावली हे योग्यच केलं. लाइट गेली की बेसमेंटचे एक्झॉस्ट फॅन बंद पडतात, कारण ते जनरेटरवर घेतलेले नाहीत. इंजिनाच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरतो. थंड इंजिन जागेवर चालू ठेवलं की तो जास्त निघतो. आपला जिना आणि लिफ्टची विहीर दोन्ही बेसमेंटमध्येच उघडतात, त्यामुळे धूर तिथून वरच्या मजल्यांपर्यंत जाऊ शकतो. ज्यांच्या श्वासासाठी मी खाली गेले, त्यांच्याच मजल्यावर विष सोडत होते, हे मला दुसऱ्या दिवशी वाचल्यावर कळलं. बेसमेंटमध्ये आणि स्टिल्टखाली (इमारतीच्या खांबांमधल्या पार्किंगमध्ये) इंजिन चालू ठेवण्यावर बंदी राहू द्या, दंड वाढवायचा असेल तर वाढवा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि वॉचमन काकांची मी समक्ष माफी मागितली आहे.

पण सूचनेत ‘आवारात’ असा शब्द आहे. म्हणजे मागच्या गेटजवळ, पाण्याच्या टाकीपलीकडे, उघड्या आभाळाखालीसुद्धा नाही. आणि सूचनेने दार बंद केलं, तरी अडचण जागच्या जागीच आहे. ए विंगमध्ये दोन घरांत झोपेतल्या श्वासासाठी मशीन लावतात, एका घरात लहान मुलाचा नेब्युलायझर आहे, इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवणारी तर कितीतरी घरं. ही माणसं रात्री दोन वाजता काहीतरी करणारच. एकाने इन्व्हर्टरची भलीमोठी बॅटरी दोघांच्या मदतीने खाली आणून जंप केबलने गाडीला जोडलेली मी पाहिली आहे. पूर्ण उतरलेली १५० अँपिअर-अवरची बॅटरी थेट जोडली की वायर तापते, शिवाय बॅटरीतून निघणाऱ्या हायड्रोजनजवळ ठिणगी उडाली तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. दुसरं एक कळकळीने सांगते : दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमधून उलटी वीज सोडण्याचे बेत ग्रुपवर बोलले जात आहेत. तो प्रकार कुणीही करू नये. मेन स्विच चालू राहिला, तर खांबावर दुरुस्ती करणाऱ्या वायरमनचा जीव जाऊ शकतो.

आता हिशोब. गाडीच्या त्या सॉकेटमधून सुमारे १२० वॅटच मिळतात. तासभर इंजिन चालवून जे भरलं, त्यावर अण्णांचं मशीन जेमतेम १७-१८ मिनिटं चाललं. पहाटे पावणेसहाला सिलिंडरचा काटा खाली टेकला, मशीन पॉवर स्टेशनवर घेतलं, आणि मी स्क्रीनवरचे टक्के बघत बसले : ९, ७, ४. सहाच्या सुमारास लाइट आली तेव्हा ३ उरले होते. उभ्या गाडीला तासाला पाऊण-एक लिटर पेट्रोल लागतं. म्हणजे एका युनिटसाठी आठ-नऊ तास आणि साधारण ७०० रुपये. आपला जनरेटर मात्र एक लिटर डिझेलमध्ये सुमारे तीन युनिट देतो, आणि तो त्या रात्रीही चालूच होता.

मला सगळ्यात जास्त हेच लागलं. खाली ६२.५ केव्हीएचं यंत्र लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी धडधडत होतं, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर मी एका माणसाच्या श्वासासाठी पेट्रोल जाळत होते. रात्री त्याच्यावर लोड फारच कमी असतो. इतक्या कमी लोडवर डिझेल इंजिन तासन्‌तास चालवणं त्याच्याही तब्येतीला चांगलं नाही, हे आपले सर्व्हिसवालेसुद्धा सांगतील. क्लब हाऊसमध्ये जनरेटरच्या लाइनवर पंधरा अँपिअरचे चार पॉइंट, जास्त लोड आला की आपोआप पडणारा वेगळा एमसीबी आणि शॉकपासून वाचवणारा आरसीसीबी बसवला, तर चार पॉवर स्टेशनं एका वेळी लागतील. पॉवर स्टेशन भिंतीवरच्या सॉकेटला लावलं की दोन-तीन तासांत भरतं. सोफ्यावर एखादी गादी टाकली, तर गरज पडल्यास पेशंटलाच मशीनसकट खाली आणता येईल.

हे पॉइंट होईपर्यंत मागच्या गेटजवळची मोकळी जागा ठरवून द्यावी : तळमजल्याच्या खिडक्यांपासून लांब, माणूस गाडीजवळ हजर, वॉचमनच्या वहीत नोंद. विजेवर चालणाऱ्या गाड्यांना मनाईतून वगळावं, कारण त्यांना धूरच नाही. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाडीतून ३.३ केव्हीएपर्यंत वीज बाहेर घेता येते. आमच्या त्या अख्ख्या रात्रीला दोन-सव्वादोन युनिट पुरले असते. बी-३०२ मधल्या दादांनी स्वतःहून सांगितलं, “वहिनी, रात्री कितीही वाजता फोन करा.” अशी माणसं आपल्यात आहेत. आणि ज्या घरांत मशीनवर पेशंट आहे, त्या फ्लॅटचे नंबर त्यांच्या संमतीने सिक्युरिटी केबिनमध्ये असावेत, म्हणजे लाइट गेली की आधी त्या दारांवर टकटक होईल.

वार्षिक सभा सप्टेंबरमध्ये आहे. तोपर्यंत अख्खा पावसाळा जायचा आहे, म्हणून हा विषय येत्या रविवारच्या समितीच्या बैठकीतच घ्यावा ही विनंती. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला जागा दाखवली आहे. त्याचं लेखी एस्टिमेट मी बैठकीला घेऊन येईन. निधीची अडचण असेल, तर पहिल्या दोन पॉइंटचा खर्च आम्ही करायला तयार आहोत, पण ते पॉइंट सगळ्यांसाठी खुले असावेत एवढीच अट.

कळावे,
आपली विश्वासू,
बी-६०४