पाच लाख, पण कसे?

ती. आई-बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर "बँक बुडाली तरी पाच लाख मिळतातच" असं म्हणून तुम्ही विषयच मिटवलात. म्हणणं बरोबर आहे, पण अर्धंच. उरलेलं अर्धं तुम्ही फोनवर ऐकून घेणार नाही, म्हणून लिहून पाठवतेय. आई, तूही वाच, निम्म्या ठेवपावत्या तुझ्या नावावर आहेत.

हे पैसे देतं रिझर्व्ह बँकेच्या अखत्यारीतलं ठेव विमा महामंडळ. हप्ता बँक भरते, आपल्याला तोशीस नाही. १९६० साली केरळातली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, त्यानंतर कायदा झाला आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. तेव्हा कवच होतं फक्त दीड हजारांचं! १९९३ पासून एक लाख झालं आणि पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेच्या गोंधळानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, पाच लाख.

पण हे पाच लाख पावतीमागे नाहीत. एका माणसाला, एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून पाच. म्हणजे तुमची बाजारपेठेतल्या शाखेची पावती आणि स्टेशन रोडची पावती एकत्रच धरणार, बचत खातंही त्यातच. शिवाय मुद्दल आणि व्याज मिळून पाच. तुम्ही हौसेनं बरोब्बर पाच लाखांची पावती केलीत, व्याज मुदतीअखेर घ्यायचं ठरवून. त्यावर साचणारा प्रत्येक रुपया कवचाबाहेर. तीन वर्षांसाठी ठेवायचे असतील तर पावणेचारच्या वर जाऊ नका.

आता तुम्ही संयुक्त खात्याची युक्ती सांगाल. खरं आहे, तुमचं नाव पहिलं असलेलं खातं वेगळं आणि आईचं नाव पहिलं असलेलं वेगळं धरतात. दोघांची स्वतंत्र खाती मिळवली तर एकाच बँकेत वीस लाख नियमात बसतात. तरी मला हा खेळ पसंत नाही, कारण पैसे मिळणं वेगळं आणि वेळेवर मिळणं वेगळं.

पीएमसीवर २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खात्यातून काढायची मुभा होती हजार रुपयांची, तीही सहा महिन्यांत! पुढे २०२१ साली कायदा बदलला. आता निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत विम्याचे पैसे द्यावे लागतात. सुधारणा मोठी आहे, पण तीन महिने आईच्या गोळ्या आणि किराणा थांबत नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत हेच झालं. आधी एक रुपयाही काढता येईना, दोन आठवड्यांनी पंचवीस हजारांची परवानगी मिळाली. ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. तुमची पेन्शन स्टेट बँकेत येते ते बरंच आहे, ती तिथेच येऊ द्या आणि सहा महिन्यांचा खर्चही तिथेच ठेवा.

सगळ्यात आधी हलवायचे ते पतसंस्थेतले अडीच लाख. पतसंस्थेला हा विमाच नाही, पाच लाख सोडा, पाच रुपयेसुद्धा नाहीत. बोर्डावर काहीही रंगवलेलं असो, ती बँक नव्हे. चेअरमनकाका तुमचे वर्गमित्र, पिग्मीवाला घरचाच झालेला, दर दीड टक्का जास्त, हे सगळं मला ठाऊक आहे. काका महिनाभर तोंड फिरवतील. फिरवू देत. मुदतीआधी मोडल्याचं व्याज कापतील, तेही कापू देत.

बँकेतल्या पावत्या मात्र घाबरून मोडू नका. जशी मुदत संपेल तशा एकेक दुसऱ्या बँकेत न्या. त्यातले काही पोस्टात, ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाका. तिथे केंद्र सरकारची हमी आहे, पाच लाखांची ही हद्द नाही.

आणि आई, तुझ्या एका पावतीवर वारस म्हणून अजून आजीचंच नाव आहे. तिला जाऊन किती वर्षं झाली! सोमवारी बाबांना घेऊन शाखेत जा, नाव बदल, पोच घे. सगळ्या पावत्यांचे दोन्ही बाजूंचे फोटो व्हॉट्सॲपवर टाका. रविवारपर्यंत तारखांचा तक्ता करून पाठवते. बाबा, फोटो काढताना बोट मध्ये येऊ देऊ नका.

तुमची,
मनू