आईची जागा यादीत पहिली

भांडुप, मुंबई
रविवार, सकाळ

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

बाबा, तुम्हा मित्रमंडळींच्या मुंबई सहलीची यादी मिळाली. वहीच्या पानावर पट्टीने रेघा मारून लिहिलेली, फोटो काढून पाठवलेली. दोन दिवस, चौदा ठिकाणं, आठ माणसं. आणि खाली दोन रेघा ओढून, "तू रजा काढू नकोस, आम्ही आमचं बघू." रजा मी काढली आहे. यांनीही दोन दिवसांची टाकली आहे. तेव्हा तेवढी ओळ खोडून टाका.

यादी मी तीनदा वाचली. मुख्याध्यापक सरांचं वस्तुसंग्रहालय त्यात आहे, डेअरीवाल्या काकांचा सी लिंक आहे, काकूंचा सिद्धिविनायक आहे. आईचं एकही ठिकाण नाही. आई, तू तीनदा मुंबईला आलीस. दोनदा माझ्या बाळंतपणाला, एकदा बाबांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला. दवाखान्यात डबा नेताना टॅक्सी मरीन ड्राइव्हवरून गेली, तेव्हा तू म्हणालीस, "इथं जरा बसता आलं असतं." आणि लगेच, "नको नको, भात गार होईल." तुला आठवतही नसेल. मला ते फार लागून राहिलं आहे. म्हणून पहिल्या दिवशीची संध्याकाळ तुझी. चारच्या पुढे मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसायचं, सूर्य बुडून दिवे लागेपर्यंत उठायचं नाही. ती दिव्यांची रांग गिरगाव चौपाटीकडे वळत जाते, ते बसूनच बघायचं असतं. बाकीच्यांना फिरायचं असेल तर फिरू देत.

आता तारखा. बागायतदार काकांचा द्राक्षांचा हंगाम सुरू व्हायच्या आत यायचं म्हणजे डिसेंबर. पण पहिला आठवडा नको. ६ डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीवर लाखो लोक येतात, दादर तेव्हा त्यांचं असतं. त्याच्या पुढच्या आठवड्यात मंगळवारी रात्री सांगलीहून महालक्ष्मी पकडा आणि बुधवारी सकाळी उतरा. तुम्ही घारापुरीला सोमवार लिहिला आहे, गर्दी कमी म्हणून. सोमवारी लेणी बंद असतात, बाबा. आणि राणीची बाग बुधवारी बंद. म्हणून गुरुवारी घारापुरी, शुक्रवारी राणीची बाग. शनिवारी पहाटे सिद्धिविनायक, रात्री परतीची गाडी. म्हणजे तुमच्या दोन दिवसांचे मी चार केले आहेत.

तिकिटं आठ जणांची एकत्र काढू नका. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या बायका यांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असले तर. चार जोडप्यांची चार तिकिटं काढायची. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, त्या सकाळी मीच बसेन. डेअरीवाले काका म्हणतात तसं एसटीनं आलं तर बायकांना अर्धं तिकीट आणि पंचाहत्तरीच्या पुढच्या अण्णांना फुकट, हे खरं आहे. पण रात्रभर बसून आल्यावर अण्णांची कंबर पहिला दिवस खाऊन टाकेल.

सीएसएमटीला उतरलात की टॅक्सीकडे धावू नका. मी फलाटावरच असेन. चहा घेऊ, मग रस्ता ओलांडून महापालिकेच्या बाजूला उभं राहू आणि सगळी इमारत एकदा शांतपणे बघू. बाबा, चौतीस वर्षं तुम्ही पोरांकडून पाठ करून घेतलंत, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर, इंजिनं साहिब, सिंध आणि सुलतान. आम्ही ते तालावर म्हणायचो. भिंतीवरच्या तक्त्यातला फिकट फोटो दाखवताना तुम्ही छडी घुमटावर टेकवायचात. त्या घुमटावर एक बाई उभी आहे, उजव्या हातात मशाल, डाव्या हातात चाक. तक्त्यात ती दिसायची नाही. फाटकाच्या एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ, एक ब्रिटनचा, एक आपला. १८७८ ला काम सुरू झालं ते दहा वर्षं चाललं. नक्षीकामात जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांचे हात आहेत. तुम्ही तिथे उभे असाल तेव्हा मला तुमच्या शेजारी उभं राहायचं आहे. रजा त्यासाठीच आहे.

तिथून बेस्टची दुमजली बस मिळते, ११५ नंबरची. गुडघे साथ देतील त्यांनी वर चढावं. हुतात्मा चौकात मात्र उतरू. दर १ मे ला तुम्ही शाळेत झेंडा लावायचात. तो दिवस ज्यांच्यामुळे आला, त्यांच्यासाठी मशाल धरलेले शेतकरी आणि कामगार तिथे उभे आहेत.

घारापुरीबद्दल जरा सविस्तर, कारण तिथे आईच्या गुडघ्यांचा प्रश्न आहे. मी मागच्या महिन्यात मुद्दाम जाऊन आले. गेटवेवरून लाँच साधारण तासभर घेते. लाँचमध्ये चढताना एक पाऊल मोठं टाकावं लागतं, तिथे हात द्यायला आम्ही दोघं आहोत. उतरल्यावर धक्का लांब आहे, त्यावर छोटी गाडी चालते. खरा चढ पुढे, सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली, टेकायला जागा मिळते. डोलीही मिळते. आई, डोलीत बसायला लाज वाटते हे मला माहीत आहे. पण वर शिव-पार्वतीच्या लग्नाचं शिल्प आहे, मान खाली घातलेली पार्वती आहे, आणि ते बघायला तू दमून न जाता पोचायला हवीस. डोली मी ठरवणार.

मुख्य लेण्यात एकदम आत जाऊ नका. दारात थांबून डोळे अंधाराला सरावू द्या, मग समोर तो तीन मुखांचा सदाशिव हळूहळू दिसायला लागतो. सुमारे २० फूट उंच, एकाच कातळात कोरलेला. एक मुख उग्र, एक स्त्रीसारखं कोमल, मधलं मिटल्या डोळ्यांचं. पुढे जायची घाई कोणी केली तर मला खरंच वाईट वाटेल. म्हणून त्या दिवशी दुसरं काही ठेवलेलं नाही. तुमच्या यादीत दुपारनंतर अजून चार ठिकाणं आहेत, ती मी काढली.

आणि शुक्रवारी राणीच्या बागेत पेंग्विन बघायच्या आधी दगडी हत्ती. तो मूळचा घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना तो पडून फुटला. तुकडे इथे आणून १९१४ मध्ये पुन्हा जोडले. आदल्या दिवशी बेट आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हत्ती, असा क्रम लावताना मला शाळेतल्यासारखा आनंद झाला, बाबा.

मुख्याध्यापक सरांना लोकलमध्ये बसायचंच आहे ना? शुक्रवारी दुपारी बसवू, बारा ते तीनच्या मधे, भायखळ्याहून दादरला धीम्या गाडीनं. सकाळी नाही आणि संध्याकाळी अजिबात नाही. बायका माझ्याबरोबर लेडीज डब्यात, पुरुष यांच्याबरोबर. दादरला प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पीयूष. त्या संध्याकाळी शिवाजी मंदिरला प्रयोग असला तर नाटक. सांगलीच्या माणसांना वेगळं सांगायला नको.

राहण्याचं. आमच्या दोन खोल्यांत आठ जण मावणार नाहीत. दादरला स्टेशनजवळ लिफ्ट असलेल्या खोल्या बघून ठेवल्या आहेत. तुम्ही दोघांनीही तिथेच सगळ्यांबरोबर राहा. मला राग येणार नाही. रात्री पत्ते आणि गप्पा झाल्या नाहीत तर मित्रांबरोबर यायचं कशाला? फक्त गुरुवारी रात्री सगळे जेवायला आमच्याकडे.

आता तुमच्याकडून एवढंच हवं. आठही जणांची आधार कार्डावरची नावं आणि वयं, आणि कोणाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत ते. आईनं नवीन चप्पल घेऊ नये, वापरातली मऊ आणावी. आणि बाबा, तो शाळेचा तक्ता माळ्यावर असेल तर त्याचा एक फोटो काढून पाठवा, नातवंडांना दाखवायचा आहे.

दोघंही तब्येतीला जपा.

तुमची,
धाकटी